सच्छिद्र आणि मऊ आधारावरची ताणती सर्किटं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात अंगावर चिकटणाऱ्या, त्वचेबरोबर ताणल्या जाणाऱ्या सर्किटांचा विषय निघाला की प्रश्न तीन दिशांनी येतात. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्टसाठी विचारतात, इचलकरंजीचे कापडवाले धंद्याच्या हिशेबाने विचारतात, आणि उद्यमनगर-शिरोलीकडची फौंड्रीवाली मंडळी जरा संशयानेच विचारतात. तिघांचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मेकॅनिकलच्या बाजूची आहेत. सर्किट चालतं कसं यापेक्षा ते तुटत का नाही, हा इथला विषय.

वाकणारं सर्किट आणि ताणलं जाणारं सर्किट, यात फरक काय?

मोबाइल उघडला की आत पिवळसर पट्टी दिसते ती वाकते, पण ताणली जात नाही. वाकवणं सोपं आहे, कारण ते जाडीवर अवलंबून असतं. पट्टीच्या बाहेरच्या अंगावर येणारा स्ट्रेन (मूळ लांबीच्या तुलनेत झालेली वाढ) म्हणजे जाडी भागिले वळणाच्या त्रिज्येची दुप्पट. अर्धा मिलिमीटर जाडीची सिलिकॉनची चकती एक सेंटिमीटर त्रिज्येत वाकवली तर अडीच टक्के स्ट्रेन येतो आणि ती फुटते, कारण सिलिकॉन साधारण एका टक्क्याला तडकतं. तेच सिलिकॉन १०० नॅनोमीटर जाडीचं केलं तर त्याच वळणावर स्ट्रेन फक्त ०.०००५ टक्के. पदार्थ तोच, फक्त पातळ केला. शिवाय वाकण्यातला कडकपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो, म्हणजे जाडी निम्मी केली की कडकपणा एक अष्टमांश.

पण नुसतं वाकून भागत नाही. कागद नळीभोवती छान गुंडाळला जातो. कोपरावर लावून बघा, चुण्या पडतात. शरीराचा बहुतेक भाग दोन्ही दिशांनी गोल आहे, आणि सांध्यांजवळ त्वचा ३० टक्क्यांपर्यंत सहज ताणली जाते. तिथे लांबीच वाढावी लागते.

तांबं, सोनं, सिलिकॉन यातलं काहीच ३० टक्के ताणून परत मूळ लांबीला येत नाही. मग हे होतं कसं?

पदार्थाला ताणायचंच नाही. लांबी आधीच वळणांमध्ये साठवून ठेवायची आणि ताण आला की ती सोडायची.

हे करायचे मुख्य मार्ग तीन. पहिला, लाटांचा. १९९८ मध्ये बाउडन, व्हाइटसाइड्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मऊ सिलिकोन रबरावर (चिपचं सिलिकॉन वेगळं, हे रबर) बसवलेल्या सोन्याच्या पातळ थरात आपोआप नीटस सुरकुत्या पडतात. २००६ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या रॉजर्स आणि ह्वांग यांच्या गटाने तीच युक्ती सिलिकॉनच्या पट्ट्यांवर केली: रबर आधी ताणायचं, वर पट्टी चिकटवायची, मग रबर सोडून द्यायचं. पट्टी लाटांसारखी होते. दुसरा मार्ग नागमोडी ट्रॅकचा, म्हणजे वीज नेणारी धातूची रेघच वळणावळणाची; तिसरा बेटं आणि पुलांचा, म्हणजे चिप कडक बेटावर आणि बेटांना जोडणारे पूल वळणावळणाचे. २०११ मध्ये याच गटाने त्वचेवर गोंदणासारखं चिकटणारं सर्किट दाखवलं आणि विषय प्रयोगशाळेबाहेर बोलला जाऊ लागला.

प्रोजेक्ट करणाऱ्यांनी नागमोडी ट्रॅकपासूनच सुरुवात करावी. लाटांचा मार्ग दिसायला सुंदर आहे, पण त्याला नॅनोमीटर जाडीचे थर लागतात. ते साध्या कॉलेजच्या लॅबमध्ये होणारं काम नाही.

आमच्याकडे कास्टिंगमध्ये पोरॉसिटी निघाली की माल रिजेक्ट. तुम्ही सर्किटखालच्या रबरात मुद्दाम भोकं कशाला पाडता?

हा प्रश्न फौंड्रीतूनच येणार! आणि तो बरोबर आहे. भोकाच्या कडेला ताण गोळा होतो. ताणलेल्या पत्र्यात गोल भोक असेल तर त्याच्या कडेला सरासरीच्या तिप्पट ताण येतो, हे कीर्श यांनी १८९८ मध्येच गणिताने दाखवलं. ग्रे आयर्नसारख्या ठिसूळ धातूत तिथूनच चीर निघते.

रबराच्या फोममध्ये कथा वेगळी होते. भोकं इतकी दाट असतात की मधे उरतात त्या बारीक काड्या आणि भिंती. फोम ओढला की या काड्या आधी वाकतात आणि ओढीच्या दिशेला फिरतात. रबर स्वतः फारसं ताणलं जात नाही. बाहेरून ३० टक्के लांबी वाढली तरी काडीतल्या रबराच्या वाट्याला त्याचा काही भागच येतो. रबर दुप्पट लांब होऊनही परत येणारा पदार्थ आहे, त्यामुळे कडेचा जादा ताण ते पचवतं.

धातूचा ट्रॅक मात्र पचवत नाही. पोरॉसिटीचं तुमचं भय ट्रॅकच्या बाबतीत शंभर टक्के खरं आहे आणि पुढचं निम्मं पान त्याबद्दलच आहे.

पण भोकं हवीतच कशाला? घट्ट रबराची पट्टी चालत नाही का?

दोन तासांसाठी चालते. दोन दिवसांसाठी नाही.

माणूस घामेजलेला नसतानाही त्वचेतून तासाला चौरस मीटरमागे साधारण ५ ते १० ग्रॅम पाणी वाफेने बाहेर पडत असतं. १० चौरस सेंटिमीटरच्या पट्टीखाली हिशेब करा: दिवसाला ०.१ ते ०.२ ग्रॅम. ते पाणी बाहेर गेलं नाही तर कातडी पांढरी आणि ओली पडते, खाज सुटते, गोंद सुटतो, आणि सर्वांत वाईट म्हणजे इलेक्ट्रोड व त्वचा यांच्यातला संपर्क बदलत राहतो. डॉक्टरांना दाखवायचा हृदयाचा आलेख घामानेच काढलेला निघतो. वर जुलैतली कोल्हापूरची हवा धरा, किंवा भट्टीसमोर उभा कामगार धरा. जड कामात अंगातून तासाला लिटरभर घाम सहज जातो.

भोकांचा दुसरा फायदा मऊपणाचा. त्वचेच्या वरच्या थरांचं मॉड्युलस, म्हणजे कडकपणाचं माप, शेकडो किलोपास्कलच्या घरातलं. नेहमीचं पीडीएमएस सिलिकोन रबर एक ते दोन मेगापास्कलचं, म्हणजे त्वचेहून कडक. त्यात हवा मिसळली की ते त्वचेच्या पातळीला येतं. तिसरा फायदा, ज्याची चर्चा कमी होते, तो पुढे चिपच्या प्रश्नात येईल.

भोक किती मोठं असावं?

आमच्या मते पहिला प्रश्न हाच असायला हवा, आणि बहुतेक जण तो शेवटी विचारतात. साहित्य कुठलं, सच्छिद्रता किती टक्के, हे सगळं नंतर. आधी भोकाचं माप आणि ट्रॅकची रुंदी शेजारी-शेजारी लिहा. त्यावरून तीन अगदी वेगळी डिझाइनं होतात.

भोक ट्रॅकच्या रुंदीच्या दहाव्या हिश्श्याहून लहान असेल, तर ट्रॅकला भोकं कळतच नाहीत. त्याच्या दृष्टीने खाली एक सलग, मऊ पदार्थ आहे. इथे सरासरी मॉड्युलस घेऊन नेहमीची गणितं चालतात. नॅनोतंतूंच्या चादरी आणि बारीक छिद्रांचे पडदे या गटात बसतात. फक्त थराची जाडीही तपासा. १०० मायक्रॉन रुंदीच्या ट्रॅकला ५ मायक्रॉनचं भोक क्षुल्लक आहे, पण त्याच ट्रॅकची जाडी अर्धा मायक्रॉन असेल तर भोकावरचा थर झोळीसारखा खचतो.

भोक ट्रॅकच्या रुंदीइतकंच असेल, तर अडचण आली म्हणून समजा. ट्रॅकचा काही भाग काडीवर टेकलेला, काही अधांतरी. काडी संपते त्या कडेवर सगळा स्ट्रेन गोळा होतो. त्यात भोकं कुठे पडतील हे आपल्या हातात नसतं, म्हणून एकाच साच्यातले दोन नमुने वेगवेगळे वागतात. एक हजार वेळा ओढून टिकतो, दुसरा पन्नासाव्या वेळी जातो, आणि मुलं सोल्डरिंगला दोष देत बसतात.

भोक ट्रॅकहून खूप मोठं असेल, तर ट्रॅक म्हणजे दोन काड्यांमधला पूल. ही स्थिती वाटते तितकी वाईट नाही. अधांतरी भाग वर-खाली उचलला जाऊ शकतो, पीळ घेऊ शकतो, आणि त्यामुळे धातूवरचा स्ट्रेन घटतो. अट एवढीच की पूल कुठे टेकणार हे आपण ठरवलेलं असावं. त्यासाठी भोकं क्रमाने पाडलेली हवीत, लेसरने किंवा विणकामाने. बेभरवशाच्या फोमवर हा मार्ग पत्करू नये.

लाटांच्या मार्गातही हीच तुलना आडवी येते. १०० नॅनोमीटर सिलिकॉन साध्या पीडीएमएसवर बसवलं तर लाटेची लांबी सोळा-सतरा मायक्रॉन येते. फोमची भोकं १ मायक्रॉनची असतील तर लाटा निमूट पडतील. २०० मायक्रॉनची असतील तर एका भोकावर दहा-बारा लाटा मावतील इतकी जागा, आणि खाली आधारच नाही. तिथे थर एकतर खचेल किंवा फाटेल.

भोकं मोठी हवीत पण ट्रॅक बारीक आहे, अशी कोंडी नेहमीच होते. त्यावर उतारा: वर बारीक छिद्रांची पातळ कातडी, खाली मोठ्या भोकांचा गाभा. वाफेला दोन्ही थरांतून वाट मिळते आणि ट्रॅकला सपाट जमीन.

फोम किती मऊ होईल हे आधी काढता येतं का?

उघड्या भोकांच्या फोमसाठी गिब्सन आणि अॅशबी यांचं सूत्र हाताशी ठेवा: फोमचं मॉड्युलस म्हणजे मूळ पदार्थाचं मॉड्युलस गुणिले सापेक्ष घनतेचा (फोमची घनता भागिले मूळ पदार्थाची घनता) वर्ग. १.८ मेगापास्कलच्या रबरात ७० टक्के हवा असेल तर सापेक्ष घनता ०.३, वर्ग ०.०९, उत्तर सुमारे १६० किलोपास्कल. त्वचेच्या जवळ आलो.

हे सूत्र अंदाजाचं आहे. भोकं बंद असतील, किंवा एकाच दिशेला लांबट असतील, तर उत्तर दूर जातं. पट्टी कापून, वजनं टांगून, फूटपट्टीने लांबी मोजून खात्री करून घ्यावी. याला महागडं यंत्र लागत नाही.

नागमोडी ट्रॅकची मापं कशी ठरवायची?

वळण उघडताना ट्रॅक आपल्याच पातळीत वाकतो, आणि तिथे रुंदी हीच त्याची जाडी होते. ढोबळ हिशेब बघा. १०० मायक्रॉन रुंद ट्रॅक, वळणाची त्रिज्या अर्धा मिलिमीटर. ताणल्यावर वळण उघडून पाऊण मिलिमीटर त्रिज्येचं झालं. वक्रतेतला बदल मिलिमीटरमागे ०.६७. त्याला निम्म्या रुंदीने गुणा, म्हणजे ०.०५ मिलिमीटरने. कडेवरचा स्ट्रेन ३.३ टक्के. तांबं सुमारे ०.३ टक्क्याला कायमचं वाकायला लागतं. म्हणजे पहिल्याच ओढीत तांबं त्याच्या लवचीक मर्यादेच्या दहापट पुढे गेलं. तुटणार नाही लगेच, पण काही शेकडा ओढींनंतर थकून चीर पडेल.

आता तोच ट्रॅक ५ मायक्रॉन जाडीचा आहे आणि पातळीत उघडण्याऐवजी वर उचलला जाऊन वाकला असं धरा. तेवढ्याच वक्रतेला स्ट्रेन ०.१७ टक्के. मर्यादेच्या आत. सगळी मेख इथेच आहे: ट्रॅकला पातळीबाहेर निघू दिलं पाहिजे. कडक आधारावर पूर्ण चिकटवलेला ट्रॅक निघू शकत नाही, वरूनही रबर ओतून गाडलेला तर नाहीच नाही. मऊ फोम त्याला पुष्कळशी मोकळीक देतो.

म्हणून मापांचा क्रम असा: आधी पातळ करा, मग अरुंद करा, त्यानंतर वळणं वाढवा. मुलं उलट्या क्रमाने जातात, कारण संगणकावर वळणं वाढवायला काही लागत नाही. वळणं वाढवली की ट्रॅकची लांबी वाढते, लांबीबरोबर विजेचा रोध वाढतो आणि जागाही जाते.

तांब्याच्या वर-खाली पॉलिइमाइडचा (एका पातळ, चिवट प्लॅस्टिकचा) थर का देतात?

वाकताना मधोमध एक पातळी अशी असते जिथे ना ताण असतो ना दाब. तांबं तिथे बसवायचं. खाली फोम थोडा जाड असला तरी ही पातळी फारशी हलत नाही, कारण पॉलिइमाइड अडीच गिगापास्कलचं आणि फोम त्याच्या दहा-पंधरा हजार पट मऊ. वर आणि खाली सारख्या जाडीचा थर दिला की काम झालं.

ट्रॅक फोमवर चिकटवायचा कसा?

कमी गोंदाने. इथेच जास्तीत जास्त नमुने वाया जातात. पातळ सिलिकोन गोंद भोकांत शोषला जातो, भोकं भरतात, आणि ज्या मऊपणासाठी एवढा खटाटोप केला तो ट्रॅकखालीच नाहीसा होतो. वाफेची वाटही बंद.

गोंद फोमवर लावू नका. काचेवर त्याचा अगदी पातळ थर पसरा, फोम त्यावर हलकेच टेकवून उचला. फक्त काड्यांच्या टोकांना गोंद लागतो. मग ट्रॅक ठेवा. संपर्काचं क्षेत्र कमी होतं हे खरं, पण सोलून निघण्याचा जोर थराच्या जाडीशी आणि स्ट्रेनच्या वर्गाशी जोडलेला असतो. थर पातळ आणि स्ट्रेन कमी असेल तर थोडा गोंदही पुरतो. नुसत्या टोकांवर, म्हणजे ठरलेल्या बिंदूंवर चिकटवलं तर मधला भाग उचलला जायला मोकळा राहतो, ते तर आपल्याला हवंच आहे.

चिप आणि बॅटरी तर कडकच असतात. त्या कुठे बसवायच्या?

बेटावर. आणि बेटाची कडा ही सर्वांत धोक्याची जागा. कडक भाग ताणला जात नाही, म्हणून त्याच्या वाट्याचा ताण शेजारच्या मऊ भागावर पडतो आणि ट्रॅक नेमका कडेवर तुटतो.

सच्छिद्र आधाराचा तिसरा फायदा म्हटलं होतं तो हा: भोकं निवडून भरता येतात. बेटाखाली सिलिकोन पूर्ण मुरवा, कडेच्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये कमी कमी करत जा, पुढे फोम मोकळा ठेवा. कडकपणा एकदम न पडता उतरत जातो. घट्ट रबरात हे करायला वेगवेगळी रबरं जोडावी लागतात. इथे ड्रॉपरने भागतं. ही सोय एवढी सोपी असूनही लोक वापरत नाहीत, याचं नवल वाटतं.

फोम घरच्या घरी कसा करायचा? साखर वापरतात हे खरं का? मग गूळ चालेल?

साखर खरी. साखरेची वडी घ्यायची, पीडीएमएस दहास एक प्रमाणात मिसळून त्यात निर्वातात शोषू द्यायचं, ७० अंशांना दोनेक तास पक्कं करायचं, कोमट पाण्यात साखर विरघळवायची. दाण्याच्या मापाची भोकं मिळतात. दुकानातली साखर सहसा अर्ध्या मिलिमीटरहून मोठी, म्हणजे बारीक ट्रॅकसाठी फारच मोठी. मिक्सरमध्ये दळून, चाळणीने गाळून माप ठरवा. दळलेली साखर ओलसर हवेत लगेच गोळा होते. पावसाळ्यात ती ओव्हनमध्ये वाळवून घ्या आणि काढल्या काढल्या काम करा.

गुळाचा प्रश्न कोल्हापूरला सोडून कुठे येणार नाही. गूळ नको. तो ओल धरतो, त्याला सुटा दाणा नसतो, त्यामुळे भोकाचं माप हातात राहत नाही. आणखी एक रासायनिक कारण आहे. गुळाचा रंग उजळायला काही ठिकाणी हायड्रोस घालतात, त्यात गंधक असतं. प्लॅटिनमच्या मदतीने पक्कं होणारं सिलिकोन (वरचं पीडीएमएस तसलंच) गंधकाच्या संगतीत पक्कंच होत नाही, चिकट राहतं. त्याच कारणाने साधे रबरी हातमोजेही घालू नका, नायट्राइलचे घाला.

इचलकरंजीच्या मागावरचं कापड आधार म्हणून चालेल?

चालेल, पण दिशा सांभाळून. मागावरचं कापड ताण्याच्या आणि बाण्याच्या दिशेला जवळपास ताणलं जात नाही. तिरकं, ४५ अंशांत ओढलं तर चांगलं सुटतं, कारण धागे एकमेकांवर फिरतात. शिंप्याला हे सांगावं लागत नाही. साध्या सुती कापडावर ट्रॅक तिरका ठेवा किंवा बाण्यात स्पँडेक्स असलेलं कापड घ्या. निटिंगचं कापड दोन्ही दिशांना ताणलं जातं आणि त्याचे फासे क्रमाने असल्यामुळे ट्रॅक कुठे टेकवायचा हे ठरवता येतं.

कापडाचा दोष म्हणजे ते पूर्णपणे परत येत नाही. धाग्यांतलं घर्षण त्याला थोडं लांबलेलंच ठेवतं. सेन्सरच्या आकड्यात ते सरकण्यासारखं दिसतं. मँचेस्टर म्हणून नावाजलेल्या गावात कापडाला तोटा नाही, पण मीटरमागे भाव विचारण्याआधी ओढून सोडल्यावर ते किती परत येतं ते विचारा.

कोल्हापुरी चपलेत सेन्सर बसवून मधुमेहींच्या पायाचा दाब मोजता येईल का?

कल्पना दरवर्षी कुणी ना कुणी मांडतं, आणि चांगली आहे. पण तिथे गणित उलटं होतं. चालताना तळव्याखाली २०० ते ५०० किलोपास्कल दाब येतो. वर काढलेला १६० किलोपास्कलचा मऊ फोम सुमारे ८ किलोपास्कललाच कोसळायला लागतो (०.०५ गुणिले मूळ मॉड्युलस गुणिले घनतेचा वर्ग). पहिल्या पावलाला तो चपटा झाला की पुढचा दाब त्याला कळणार नाही. इथे बराच घट्ट फोम हवा.

चामडं स्वतःच सच्छिद्र आहे, तंतूंचं जाळं. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेलं असतं. ते पाण्याने फुगतं आणि जनावराच्या पाठीच्या कण्याच्या दिशेला व आडवं वेगवेगळं ताणलं जातं. तळाला ताणायचा प्रश्न येत नाही, म्हणून तिथे नागमोडी ट्रॅकचा हट्ट सोडा, साधी वाकणारी पट्टी पुरे. अंगठा आणि पट्टा यांच्या जागी मात्र ताण येतो. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तेव्हा तिच्या पोटात फोम घालून विकताना नाव कुठलं लावायचं हे कारागिरांशी बोलून ठरवा.

हुपरीत चांदीचं एवढं काम आहे. ती चांदी चालणार नाही?

दागिन्याची तार किंवा पत्रा म्हणून नाही. छपाईच्या शाईला मायक्रॉन मापाच्या चपट्या कणांची चांदी लागते, ती रबरी बाइंडरमध्ये मिसळतात. ताणल्यावर कण एकमेकांपासून सरकतात आणि रोध वाढतो. फोमवर छापताना शाई भोकांत झिरपते आणि रेघ तुटक होते. आधी वर कातडी असलेला फोम घ्या किंवा शाई दाट करा.

ट्रॉफी कोरणाऱ्याच्या लेसरने काही करता येईल का?

हो, आणि स्वस्तात. २०१४ मध्ये राइस विद्यापीठात जेम्स टूर यांच्या गटाने दाखवलं की पॉलिइमाइडवर कार्बन डायऑक्साइड लेसर फिरवला की पृष्ठभाग सच्छिद्र ग्राफीनमध्ये बदलतो. वीजवाहक आणि सच्छिद्र, दोन्ही एकदम. त्यावर रबर ओतून सोलून काढलं की ग्राफीन रबरात येतं. ते ठिसूळ असतं, म्हणून वळणं हवीतच. धूर बाहेर काढणारा पंखा चालू हवा. आणि त्या मशीनवर पीव्हीसी कधीही नको. हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू निघतो.

द्रव धातू वापरला तर तुटण्याचा प्रश्नच मिटतो ना?

तुटण्याचा मिटतो, गळण्याचा सुरू होतो. गॅलियम आणि इंडियमचं पाऊण-पाव मिश्रण १५-१६ अंशांच्या वर द्रव असतं. लांबी दुप्पट केली की रोध चौपट होतो, कारण लांबी वाढते आणि छेद घटतो. सच्छिद्र तंतूंच्या चादरीवर ते पसरवून हवा जाऊ देणारे वाहक २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत. पण साध्या फोमवर दाबलं की थेंब बाहेर येतात. अॅल्युमिनियमच्या जवळही नेऊ नका, गॅलियम ते पोखरतं.

सिम्युलेशनमध्ये प्रत्येक भोक काढायचं का?

नाही. लॅपटॉप बसेल आणि उत्तरही बरोबर येईलच असं नाही. भोकं ट्रॅकहून खूप लहान असतील तर फोम सलग पदार्थ माना आणि त्याला हायपरफोम मॉडेल, म्हणजे दबणाऱ्या फोमसाठीचं तयार गणित, द्या. कॅल्क्युलिक्स या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये ते फुकट मिळतं. भोकं ट्रॅकच्या मापाची असतील तर ट्रॅकखालचा एक छोटा तुकडाच भोकांसकट काढा, भोकांची जागा बदलून तो अनेकदा चालवा आणि सर्वांत वाईट उत्तर धरा. सरासरी धरू नका, ट्रॅक सर्वांत वाईट जागीच तुटतो.

टिकाऊपणा कसा तपासायचा?

थ्री-डी प्रिंटरची जुनी स्टेपर मोटर, दोन क्लॅम्प आणि चार तारांनी रोध मोजणारं मीटर. दोन तारांनी मोजलं तर जोडतारांच्या रोधात खरा बदल बुडून जातो. ३० टक्के ताणून सोडत राहा, रोध सतत नोंदवा. एकदा किती ताणलं की तुटलं, हा आकडा पोस्टरवर छान दिसतो पण डिझाइनच्या कामाचा नाही. किती ताणापर्यंत रोध मूळ जागी परत येतो, तो आकडा द्या. शिवाय नमुना मिठाच्या पाण्यात भिजवून पुन्हा ओढा. कोरडा नमुना टिकला म्हणजे घामातला टिकला असं होत नाही.

तालमीतल्या पैलवानाच्या अंगावर टिकेल?

जोर-बैठका मारताना टिकेल. झटापटीत नाही. तिथे ताणापेक्षा घासलं जाणं जास्त, आणि तांबडी माती भोकांत जाऊन बसते. डावपेचाच्या वेळी काढून ठेवा, वस्ताद तेच सांगतील.

हृदयाचा आलेख घेणारा पॅच स्वतःवर लावून बघू का?

बॅटरीवर चालत असेल आणि त्या वेळी चार्जर किंवा चार्जिंगला लावलेला लॅपटॉप जोडलेला नसेल, तरच. हा सिग्नल साधारण एक मिलिव्होल्टचा असतो. पॅच सरकला की स्नायूंचा आणि हालचालीचा गोंगाट त्याहून मोठा होतो. त्यावरून निदान करू नका. दुसऱ्याला विकायचा किंवा रुग्णावर लावायचा विचार असेल तर २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम लागू होतात, आणि त्वचेला लागणाऱ्या साहित्याची आयएसओ १०९९३ नुसार तपासणी लागते.

वापरून झालेला पॅच कुठे टाकायचा?

बॅटरी आणि चिप काढून ई-कचऱ्यात द्या. पुन्हा वापरता येतील अशा चिपा जपून ठेवा. बेटाखाली सिलिकोन मुरवलेलं असेल तर ब्लेडने अलगद सुटतात. उरलेला फोम कुजत नाही, त्याला ओल्या कचऱ्यात टाकू नका आणि रंकाळ्याच्या कडेला तर मुळीच नको.